दाराच्या अलीकडे

"ती खुर्ची माझी नाही," विमानातून सगळ्यांत शेवटी बाहेर पडलेल्या बाईंनी ठणकावून सांगितले आणि व्हीलचेअरला वळसा घालून त्या पुढे चालू लागल्या.

खुर्ची त्यांचीच होती. खुर्ची मागवलेला त्या विमानात एकच प्रवासी होता, आणि विमान तर आता रिकामे झाले होते. आत सफाईवाले शिरलेसुद्धा. पण खुर्ची धरून उभ्या असलेल्या घोषणाबाईने वाद घातला नाही. या कामात इतकी वर्षे गेल्यावर तिला एक कळून चुकले होते. माणसाला पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीत बसवणे म्हणजे लहान मुलाला औषध पाजणे. जबरदस्ती केली की अंगावर सांडते.

"नका बसू," ती म्हणाली. "ती पिशवी तेवढी ठेवा खुर्चीवर. खांदा ओढला जातोय तुमचा."

बाईंनी संशयाने पाहिले, पण पिशवी ठेवली. उंच, सडपातळ बांध्याच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेल्या त्या बाई विमानापासून इमारतीपर्यंतच्या बोगद्यासारख्या चढावर कठड्याला धरून चालत होत्या. उजवा हात त्यांनी स्वेटरच्या खिशात खुपसलेला होता. घोषणाबाई दोन पावले मागून खुर्ची ढकलत राहिली आणि नेहमीसारखी बोलू लागली.

"हा चढ संपला की डावीकडे लांबलचक रस्ता लागतो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, याला शेवटच नाही. शेवट आहे. मध्ये सरकते पट्टे आहेत, पण ते आपल्या कामाचे नाहीत, चढताना माणूस पुढं जातो आणि पाय मागं राहतात. मग एक मोठा हॉल. तिथं सगळे रांगेत उभे असतात, तोंडं उतरलेली असतात. घाबरायचं नाही, झोप झालेली नसते म्हणून तसे दिसतात."

"सगळ्यांना असंच सांगत बसता का तुम्ही?"

"हो. म्हणून तर मला इथं घोषणाबाई म्हणतात."

चढ संपवून वर आल्यावर डावीकडचा तो लांबच लांब, चकचकीत फरशीचा रस्ता बाईंच्या समोर पसरला. त्याच्याकडे क्षणभर बघत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पिशवीत काचेचं सामान आहे. मांडीवर घेतलेली बरी."

"बरोबर आहे," घोषणाबाई म्हणाली. "काचेचा काय भरवसा."

बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. घोषणाबाईने त्यांचे पाय पायरीवर नीट ठेवले.

"निघायचं ना, आजी?"

"आजी मी माझ्या एकुलत्या नातीचीच आहे. मला सिस्टर म्हण. सरकारी दवाखान्यात उभा जन्म गेला, तेच ऐकायची सवय झाली आहे."

*

घोषणाबाईला ही बोलायची खोड कशी लागली, त्याची गोष्ट तिचा नवरा येईल त्या पाहुण्याला ऐकवत असे. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. लग्न होऊन तो आधी या शहरात आला आणि काही महिन्यांनी नवी नवरी विमानाने एकटी आली. उतरल्यावर काय करायचे, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. 'लोक जातात तिकडे जायचं,' एवढेच नवऱ्याने फोनवर सांगितले होते. ती इमानेइतबारे लोकांच्या मागे गेली, पण ते लोक नेमके पुढचे विमान पकडणारे निघाले. ते बसले, म्हणून तीही बसली. इकडे बाहेर नवरा दाराशी ताटकळत उभा. दार उघडत होते, मिटत होते. सगळ्यांची माणसे आली, याची काही येईना. शेवटी बायकोने ऐनवेळी बेत बदलला असे समजून तो खांदे पाडून घरी गेला.

तिला शोधून काढले ते एका झाडूवालीने. रडून डोळे सुजलेल्या त्या मुलीचा हात धरून तिने तिला दारापर्यंत आणले आणि सबंध वाटेत पुढे काय येणार ते सांगत राहिली. आता खिडकी येईल. आता पेट्यांचा पट्टा येईल. आता दार येईल, ते आपणहून उघडेल, दचकू नकोस.

"मी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवतो," नवरा पाहुण्यांना सांगे, "आणि माझी बायको सपाट जमिनीवर अडकली होती."

पुढे मुले मोठी झाल्यावर तिने काम धरायचे ठरवले, तेव्हा तिने हेच ठिकाण निवडले. त्या झाडूवालीचा पत्ता तोवर कुणालाच नव्हता. पण तिचे बोलणे घोषणाबाईने उचलले ते उचललेच. आधी सांगितले की निम्मी भीती जाते, उरलेली निम्मी ज्याची त्याची, असे तिचे गणित होते. तिने कितीतरी जणांना त्या रस्त्याने आणले होते. पहिल्यांदाच समुद्र ओलांडून आलेले आजोबा, लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आया, डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यायला आलेला एक गवई. तो सगळी वाट ऐकून शेवटी म्हणाला होता, "दिसलं मला सगळं."

*

"आता खिडकी," ती सिस्टरना म्हणाली. "तिथला माणूस हसत नाही. मनावर घ्यायचं नाही, त्याला मनाई असावी. कुणाकडे आलात, किती दिवस, परत कधी, एवढंच विचारतो. विचारलं तेवढंच सांगायचं."

खिडकीतला माणूस खरेच हसला नाही.

"परत कधी जाणार?"

"नातीचं लग्न झालं की."

"नक्की?"

"माझं घर आहे तिकडे. झाडांना पाणी मी घालते. दुसरं कुणी घालत नाही."

त्याने समोरच्या काचेच्या यंत्राकडे बोट दाखवले. "उजव्या हाताची बोटं ठेवा."

सिस्टरनी खिशातून उजवा हात काढला आणि घोषणाबाईला आता कुठे सगळे समजले. हात थरथरत होता. गारठ्याने किंवा घाबरून थरथरतो तसा नव्हे. एका लयीत, थांबायचे नावच नाही. बोटे काचेवर टेकली की निसटत होती आणि यंत्रावर लाल दिवा लागत होता.

"हात स्थिर ठेवा, बाई."

"ठेवते आहे."

पुन्हा लाल. मागच्या रांगेतून कुणीतरी सुस्कारा टाकला. घोषणाबाईने खुर्ची हळूच आडवी वळवून कट्ट्याला अगदी भिडवली, म्हणजे सिस्टरना कोपर टेकता येईल. मग सिस्टरनी डावा हात उजव्या मनगटावर ठेवला आणि इंजेक्शन देताना मुलाचा दंड दाबून धरावा तसा आपलाच हात दाबून धरला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हिरवा दिवा लागला.

त्या माणसाने शिक्का मारला. पासपोर्ट परत देताना मान वर न करता तो म्हणाला, "सावकाश जा."

दोघी पेट्यांच्या बेल्टपाशी आल्या. बेल्ट सुरू झालेला नव्हता. भोवती माणसे त्या काळ्या पट्ट्याकडे टक लावून उभी होती.

"दिसलं ना तुला?" सिस्टरनी विचारले.

"दिसलं."

"कंपवात आहे. गेल्या वर्षी कळलं. मुलाला माहीत नाही."

घोषणाबाईने काही विचारले नाही. विचारले नाही की माणसे आपणहून सांगतात, हा तिचा अनुभव.

"फोनवर त्याला माझा चेहराच दिसतो. हात टेबलाखाली. वडील गेल्यापासून त्याचा एकच धोशा, घर विक आणि इकडे ये. तो वाईट नाही गं. फार चांगला आहे, तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं."

"कधी ना कधी कळणारच ना त्यांना?"

"कळणार. मीच सांगणार आहे. पण आज दारातच कळलं तर लग्नघरात नवरी राहील बाजूला आणि सगळे माझा हात बघत बसतील. डॉक्टर शोधतील. माझं परतीचं तिकीट रद्द करतील. पोरीचं लग्न पार पडू दे. मग मी सांगीन, माझ्या तोंडानं." त्यांनी पिशवी सारखी केली. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजाराच्या बातम्या मी त्यांच्या घरच्यांना दिल्या. माझी बातमी तरी मला देऊ दे."

बेल्ट धडधडत सुरू झाला. एक तपकिरी, पट्टा बांधलेली पेटी आली. घोषणाबाईने ती उतरवून ट्रॉलीवर ठेवली.

"आणि काचेचं काय आहे त्या पिशवीत?"

"काही नाही. लोकर आहे आणि औषधं," सिस्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

*

शेवटच्या दाराच्या अलीकडे एक जाड खांब होता. घोषणाबाई आपली खुर्ची नेहमी त्याच्या आडोशाला थांबवायची. नियम असा होता, की प्रवाशाला खुर्चीत बसलेला तसाच बाहेर न्यायचा आणि त्याच्या माणसांच्या हवाली करायचा. पण दाराबाहेर कुणाचा मुलगा, कुणाची बहीण वर्षानुवर्षांनी भेटणार असते. तिथे पाऊल टाकायच्या आधी माणसाला तोंड पुसावेसे वाटते, कवळी बसवावीशी वाटते, केस सारखे करावेसे वाटतात. काहींना उठून उभे राहावेसे वाटते. ज्यांचे पाय धड होते त्यांना तिने चालत जाऊ दिले होते. सुपरवायझरने त्यावरून तिला समजही दिली होती.

पण त्या सगळ्यांचे पाय धड होते.

"सिस्टर, इथून पुढं दार," ती म्हणाली. "दार उघडलं की एकदम उजेड अंगावर येतो. कठड्यापलीकडे ही गर्दी असते. सगळे तुमच्याकडे बघतात, आणि आपलं माणूस नाही म्हणून सगळ्यांची तोंडं पडतात. वाईट वाटून घ्यायचं नाही. त्यातलं एक तोंड पडणार नाही, तिकडे बघायचं."

"मी चालत जाणार."

"पडलात तर?"

"तर तू मला पाहिलंच नाहीस."

"वर कॅमेरा आहे."

"मग नाही पडणार," सिस्टर म्हणाल्या.

ही बाई पडली तर आपले काम गेले, हे घोषणाबाईला लख्ख दिसत होते. काम गेले तर दुसरे मिळेल, पण हाड मोडले तर या वयात ते जुळायचे नाही, हेही दिसत होते. नाही म्हणणे सोपे होते आणि शहाणपणाचेही. तिने सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिले. विनवणी कुठेच नव्हती. वॉर्डातल्या आयाला पलंग सरकवायला सांगावे तशा त्या तिच्याकडे बघत होत्या.

तिने पायाने ब्रेक लावला आणि ट्रॉली त्यांच्यासमोर आणून ठेवली.

सिस्टरनी केसांवरून हात फिरवला, ट्रॉलीचा दांडा धरला आणि त्या उठल्या. ताठ उभ्या राहिल्या. पण पाऊल उचलेना. दोन्ही पाय फरशीला चिकटवल्यासारखे जागच्या जागी. अंग पुढे झुकत होते, पाय मात्र ऐकत नव्हते. कपाळावर घाम आला.

तेवढ्यात एक कुटुंब त्यांच्या शेजारून गेले आणि दार उघडले. पलीकडच्या गर्दीची एक फाक दिसली.

"तो बघ," सिस्टर हळूच म्हणाल्या. "निळ्या शर्टातला. अरे देवा, टक्कल पडलंय की याला. फोनवर कायम टोपी घालून बसायचा, लबाड."

दार मिटले.

"तुझा पाय ठेव," त्या म्हणाल्या. "माझ्या पायापुढे, आडवा. सपाट जमीन दिसली की हे अडून बसतात. ओलांडायला काही असलं की उचलतात. किती पेशंट चालवलेत मी असे."

घोषणाबाईने आपला बूट त्यांच्या पायापुढे आडवा ठेवला. सिस्टरनी खाली पाहिले, दीर्घ श्वास घेतला, आणि उजवा पाय तिच्या बुटावरून पलीकडे टाकला. त्यामागून डावा आला. मग पुढचे पाऊल, मग त्याच्या पुढचे. दाराने त्यांना ओळखले आणि ते उघडले.

घोषणाबाई रिकाम्या खुर्चीशी जिवाचा कान करून उभी राहिली. बाहेर काही धप्पकन पडल्याचा आवाज आला नाही. पुन्हा दार उघडले तेव्हा सिस्टर बाहेरच्या उतारावर होत्या, मान वर, ट्रॉलीमागे ताठ. पुढच्या वेळी उघडले तेव्हा निळ्या शर्टाने त्यांना मिठीत घेतले होते. त्याच्या पाठीमागे गेलेला त्यांचा उजवा हात आता हवा तेवढा थरथरायला मोकळा होता.

*

सुपरवायझर वयाने तिच्या थोरल्या मुलाएवढा, पण चेहऱ्याने कायम दमलेला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावून घेतले.

"काकू, मी कॅमेऱ्यात पाहिलं. बाईंना धड उभं राहता येत नव्हतं."

"हो."

"पडल्या असत्या तर?"

"पडल्या नाहीत."

"हे उत्तर आहे का, काकू?"

ते उत्तर नव्हते, हे तिलाही ठाऊक होते. पोरगा चुकीचे बोलत नव्हता. कुणी पडले तर वरच्या साहेबांची पहिली हाक त्यालाच होती.

"बरोबर आहे तुमचं, साहेब," ती म्हणाली.

"मग पुन्हा करणार नाही म्हणा. एवढं म्हणा, मी विषय मिटवतो."

तिने ते म्हटले नाही. सुपरवायझरने बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तो म्हणाला, "मग मला तुम्हाला वर पाठवावं लागेल. प्रस्थानाला. तिथं हे दार नाही."

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सांगितले.

"म्हणायचं होतंस की, नाही करणार," तो म्हणाला. "जिभेला काही हाड आहे का?"

"म्हटलं असतं, आणि पुन्हा केलं असतं. मग?"

नवऱ्याने घास संपवला, पाणी प्यायला. "चला, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर. आमच्या धंद्यात याला बढती म्हणतात," तो म्हणाला आणि तिच्या ताटात भाजी वाढली.

वरचा मजला तिला मानवला नाही. काम तेच, खुर्ची तीच, पण खाली येणारी माणसे पुढे बघत असत, आणि इथली मागे. काचेपलीकडे हात हलवणारे कुणी दिसेनासे होईपर्यंत ती माना वळवून बसत. मागे बघणाऱ्याला पुढे काय येणार हे सांगून उपयोग काय? घोषणाबाईचे बोलणे आपोआप कमी झाले. "घोषणा बंद का?" असे बरोबरच्या बायका विचारत. "आवाज बसलाय," ती सांगे.

*

लग्नसराई उलटली असेल. एके दिवशी दुपारी एक टक्कल पडलेला उंच माणूस खालून विचारत विचारत तिच्यापर्यंत आला. तिने त्याला लगेच ओळखले.

"माझ्या आईला त्या दिवशी तुम्हीच आणलंत ना?"

"हो. कशा आहेत सिस्टर?"

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तिचा हात, तिचे पाय, सगळं ठाऊक होतं."

"होतं."

"मग मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही? मी तिथंच उभा होतो. दारातून ताठ चालत आली म्हणून मी निर्धास्त. हात सदा खिशात, तर मला वाटलं गारठा सोसत नाही. तिला रोज जिने चढवत होतो. फोटो काढायला गच्चीवर नेलं. पडली असती म्हणजे?"

"सांगायचं त्यांचं होतं," घोषणाबाई म्हणाली. "त्या सांगणार होत्या. नाही सांगितलं का?"

त्याचा आवाज उतरला.

"सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चहाला सगळे बसलो होतो तेव्हा. कप खाली ठेवला, हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आता बघा नीट. औषधं कोणती, पुढं काय काय होणार, सगळं सांगितलं. दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. शेवटी म्हणाली, काही विचारायचं असलं तर विचारा." त्याने डोळे पुसले. "मी ओरडलो. सगळ्यांवर. जायचं नाही म्हणालो. आठवडाभर तेच. परवा म्हटलं, अगं तिकडे एकटी पडशील. तर म्हणाली, पडेन. इथेही पडेन. पण माझ्या घरात पडले तर कुठल्या भिंतीला धरून उठायचं, ते मला माहीत आहे."

घोषणाबाई ऐकत होती.

"याला काय बोलणार?" तो म्हणाला. "तिच्या वॉर्डातली एक जुनी नर्स तिकडे सोबत राहायला तयार झाली आहे. तेवढी एक अट मानली तिनं. आज विमान आहे. बाहेर गाडीत बसून आहे. म्हणते, ती खालची बाई शोधून आण, नाहीतर मी खुर्चीत बसणार नाही."

सिस्टर गाडीतून उतरून खुर्चीत बसल्या. उजवा हात या वेळी खिशात नव्हता. खुर्चीच्या हातावर तो सगळ्यांदेखत थरथरत होता. सून होती, नवी लग्न झालेली नात होती. काचेच्या दारापुढे घरच्यांना जाता येत नव्हते. नात गळ्यात पडून रडली. सुनेने पिशवी मांडीवर ठेवली. मुलगा वाकला, तेव्हा सिस्टरनी त्याचा गाल दोन बोटांनी चाचपला, ताप बघावा तसा.

"गाडी सावकाश चालव," एवढेच म्हणाल्या.

तपासणी झाली. विमानाकडचा लांब रस्ता सुरू झाला, आणि सिस्टर म्हणाल्या, "माझ्यापायी तुला वर टाकलं ना?"

"बढती झाली."

"खोटं बोलतेस."

"हो," घोषणाबाई म्हणाली. "पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला विचारलं होतं, पुन्हा करशील का. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही."

सिस्टरनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. मग खुर्चीच्या मुठीवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. तो थरथरता हात बराच वेळ तिथेच होता.

"आज काही घोषणा नाही वाटतं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

"तुमच्या गावाकडचं मला काय माहीत? मी गेलेच नाही कधी."

"मग मी सांगते, ऐक. तिकडचं विमानतळ लहान आहे. पायऱ्यांनी उतरायचं, पण माझ्यासाठी वरखाली होणारी गाडी आणतील. बाहेर आलं की टॅक्सीवाले भांडत असतात, त्यांतला वयस्कर असेल तो घ्यायचा. बाजारातून गाडी वळली की आमच्या दवाखान्याची भिंत लागते, मग उतार, मग माझं फाटक. ते जमिनीला घासतं, थोडं उचलून लोटावं लागतं. ओट्यावर शेजारीण किल्ली घेऊन बसलेली असेल आणि पहिली तक्रार मांजराची करील. दार उघडलं की आधी खिडक्या. मग मोरीतला नळ सोडायचा. सुरुवातीला तांबडं पाणी येतं. घाबरायचं नाही, थोड्या वेळानं स्वच्छ येतं."

घोषणाबाई खुर्ची ढकलत होती आणि ऐकत होती. तिला ते घर दिसत होते. त्या झाडूवालीनंतर इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर पुढचे कुणी तिला सांगत होते, हे पहिल्यांदाच घडत होते, आणि विमानाचे दार येऊच नये असे तिला वाटत होते.

दार आले. आतल्या मुलीने सिस्टरचा हात धरला. त्या आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या. घोषणाबाई रिकामी खुर्ची घेऊन परत फिरली.

काचेच्या दाराबाहेर नात आणि सून गाडीकडे गेल्या होत्या. मुलगा मात्र तिथेच होता. माणसे त्याला चुकवून आत जात होती. घोषणाबाईने खुर्ची लोकांच्या वाटेतून काढून त्याच्या मागे उभी केली.

"बसली नीट?"

"बसल्या. खिडकीशी."

"काही म्हणाली?"

"घराचं सांगत होत्या. फाटक, नळ."

"नळाला तांबडं पाणी येतं," तो म्हणाला. "माझ्या लहानपणापासून येतं."

त्याने हाताने मागे चाचपले आणि मागे जे होते त्यावर तो बसला. ती घोषणाबाईची खुर्ची होती. त्याच्या ते ध्यानातही आले नाही. एवढा मोठा माणूस, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, तोंड ओंजळीत झाकून बसून राहिला. तिने हळूच ब्रेक लावला आणि ती त्याच्या मागे उभी राहिली. वर कुठल्या कुठल्या विमानांची नावे पुकारली जात होती.

सुपरवायझर घाईघाईने आला. "काकू, खुर्ची मोकळी झाली का? बाहेर एक आजोबा खोळंबलेत."

"नाही," घोषणाबाई म्हणाली. "पॅसेंजर आहे."

सुपरवायझरने खुर्चीतल्या धडधाकट माणसाकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. भिंतीशी घडी करून ठेवलेली दुसरी खुर्ची त्याने उघडली, आणि तो स्वतःच ती ढकलत बाहेर गेला.